ज्योतिबाची एडे

आमचे खंडोजीकाका महाहट्टी. भाद्रपद संपत आला की त्यांचा हट्ट जास्तच अंगात यायचा. महालय अमावास्येला बेंगळुरातल्या आम्हा मराठ्यांच्या घरी एडे ठेवतात, म्हणजे गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते सगळं केळीच्या पानावर वाढतात. मटण, वडे, विडी, एखाद्याला क्वार्टरसुद्धा. येलहंक्याला काकांच्या घरी आजी-आजोबांच्या पानांशेजारी तीन पानं परक्यांची असत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी काकांना आणि त्यांच्या पलटणीतल्या सोबत्यांना कैद करून न्यू गिनीच्या बाजूच्या एका बेटावर नेलं होतं. काका परत आले. सोबती तिथेच उपासमारीनं आणि तापानं गेले. त्यातल्या तिघांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांना काका वाढायचे. वाढताना त्यांच्याशी बोलायचेही. "शिवाप्पा, यंदा मटण स्वल्प निबर निघालंय, सांभाळून घे." शेजारी हसायचे, काकाही हसायचे.

चौथा ज्योतिबा. त्याची बायको गोदूबाई हेब्बाळला ठणठणीत होती आणि घरचं माणूस असताना परक्यानं एडे ठेवायची नाही, ही आमची रीत. गोदूबाई तर ठेवायला तयारच नव्हती. ज्योतिबाला मी माझ्या हातानं पुरलं, असं काकांनी परत आल्या आल्या तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही पाहिलंत, मी नाही." कपाळावरचं ठसठशीत कुंकू तिनं तसंच ठेवलं. मग दर वर्षी महालय अमावास्येच्या सकाळी काका हेब्बाळला जाऊन तिला विनवायचे आणि ती त्यांना कॉफी पाजून वाटेला लावायची. मला या दोघांची गंमत वाटे आणि थोडा रागही येई.

पंच्याण्णव साली काकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून मी सोबत गेले. बसमध्ये ते एकदम म्हणाले, "माझ्यामागं त्या तिघांचं तू करशील. ज्योतिबा मात्र उपाशी मेला तो उपाशीच राहणार." मला फार वाईट वाटलं.

गोदूबाई दारातच म्हणाली, "आलात अण्णा? कॉफी घ्या आणि निघा."

"अक्का, यंदा तरी ऐका."

"नाही म्हणजे नाही." कॉफी देता देता तिनं सहज विचारलं, "त्या बाकीच्यांना वाढता तरी काय?"

"त्यांनी मागितलेलं. पोटात काही नसलं की आम्ही तोंडानं स्वयंपाक करायचो. मसाला भाजण्यापासून सगळं सांगायचं. प्राणेशचा बिसीबेळे भात, शिवाप्पाचं मटण. कुणी मीठ विसरला तर बाकीचे शिव्या घालायचे."

"आणि ह्यांचं काय?"

काका चाचरले. "तुमच्या हातचं कोंबडीचं सुकं. खाली लागलेलं. आम्ही म्हणायचो, अरे, तोंडानंच करायचंय तर नीट तरी कर! तो म्हणायचा, सरी, बरं, तुमचं तुम्ही करा. माझं करपलेलंच असतं, मला तेच पाहिजे."

गोदूबाईनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"पलटणीत जायच्या आदल्या दिवशी केलं होतं मी. पंधरा वर्षांची होते. पार करपलं. हे गुपचूप जेवले, बरं-वाईट एक शब्द बोलले नाहीत. पातेलं घासताना मी रडले. कुणाला, आईलासुद्धा सांगितलं नाही मी ते." मग ती काकांवर कडाडली, "इतकी वर्षं का नाही बोललात?"

"बायकोच्या स्वयंपाकाला नवऱ्यानं नावं ठेवलेली कुणी तिला सांगतं का अक्का!"

गोदूबाई हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "जा, कोंबडी आणा."

काकांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. "आणि कुंकू?"

"कुंकवाचं माझं मी बघेन. भुकेला माणूस आधी जेवू दे."

काका गुडघे विसरून बाजाराकडे पळाले. आले ते केळीचं पानही घेऊनच. ते पान पुसत बाहेर बसले आणि उघड उघड रडत होते. मी इतकी खूश होते की मसाला वाटायलाही बसले. एरवी मी त्या कामाच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

सुकं शिजलं, रस्सा आटला, तळाशी चरचरू लागलं. मी गॅस बारीक करायला हात पुढे केला, तर गोदूबाईनं तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "लागू दे खाली."