विसावरचा काटा

लालासाहेबाशी भांडायचं असेल तर आधी आपले दात मोजून घ्यावेत, असं आमच्या गावात म्हणत. नुसतं म्हणत नसत. नाथाजी सुताराचे पुढचे दोन दात लालासाहेबाच्याच हातून गेले होते, आणि कारण काय, तर नाथाजी त्याच्या मोटारसायकलीला 'खटारा' म्हणाला. मी लालासाहेबाचा चुलतभाऊ जोतीराम. आम्ही दोघं एकाच वर्षी पलटणीत भरती झालो. त्यामुळं मला नात्याचा आणि दोस्तीचा असा दुहेरी मार मिळायचा.

औंधच्या यमाईचं शिखर दिसेल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. पण लालासाहेबाचं काम वेगळं होतं. एका तळावरचा हुकूम मोटारसायकलवरून दुसऱ्या तळावर पोचवायचा. इटलीत त्यानं हे काम केलं. रस्त्याच्या कडेला सुरुंग, वरून तोफा. एका पुलावर 'वेगाच्या घड्याळाचा काटा पंधरा मैलांच्या वर न्यायचा नाही' असा हुकूम होता. त्याच्या पुढच्या गोऱ्यानं तो मोडला आणि पूल हादरून गोरा गाडीसकट खाली गेला. लालासाहेब मागून पंधरानं आला आणि वाचला. तेव्हापासून त्याची श्रद्धा देवावर थोडी कमी आणि काट्यावर थोडी जास्त.

"मानूस खोटं बोलतंय, काटा न्हाई बोलत," असं तो कुणालाही ऐकवायचा. ऐकणाऱ्याला मान डोलवावीच लागायची.

लढाई संपली, आम्ही सेहेचाळीस साली घरी आलो. पुण्यात लष्कराचा जुना माल डिस्पोजलमध्ये विकायला काढला होता. लालासाहेबानं तिथून एक मोटारसायकल उचलली. तिच्या वेगाच्या घड्याळाची काच फुटलेली, काटा तुटलेला. तिथंच भंगाराच्या ढिगात दुसऱ्या कसल्यातरी मोठ्या गाडीचं घड्याळ पडलं होतं. भाकरीएवढं, एकशेवीसपर्यंत आकडे असलेलं. लालासाहेबाला ते पाहताक्षणी आवडलं. त्यानं ते स्वतःच्या हातानं आपल्या गाडीवर बसवलं. केबल जुळली, काटा हलला. एवढं झाल्यावर तो बरोबर हलतो का, हे विचारायचं कुणाला सुचतंय! खंडेनवमीला गावानं कुऱ्हाडी-विळे पुजले, ह्यानं त्या घड्याळाला हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात जत भागातले धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडं आले. दरसाल येत. उसाच्या खोडव्यात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत होतं आणि त्यांना पाणी-पाला मिळतो. त्या साली आमच्या रानात सिद्धू धनगराचा कळप होता. सिद्धू, त्याची बायको हरणाबाई आणि धाकटा भाऊ दादासो, एवढीच माणसं.

सकाळची वेळ होती. मी पाटाचं पाणी धरत होतो. ओढ्याजवळच्या वळणावर कळप रस्ता ओलांडत होता. दादासो वळणाच्या तोंडाशी फडकं घेऊन उभा, हरणाबाई एक कोकरू उचलून मेंढरांच्या मागं. गाडीचा आवाज आला, मी मान वर केली, तोवर सगळं झालं होतं. दादासोचं फडकं अजून हवेत होतं. चार मेंढरं फाटून रस्त्यावर पडली होती. हरणाबाई बांधावरच्या दगडावर डोकं आपटून पालथी पडली होती. रक्त असं वाहत होतं की माती पिऊन पिऊन थकली. लालासाहेब उठला, त्याचा गुडघा उघडा पडला होता, आणि तो पहिलं वाक्य बोलला ते हे: "काटा विसावर हुता."

हरणाबाईत जीव राहिला नाही हे कळताच सिद्धू त्याच्यावर कुऱ्हाड घेऊन धावला. आम्ही सहा जणांनी त्याला धरला. एकाच्या मनगटाला त्यानं कडकडून चावा घेतला, मांस निघालं.

गावाला फौजदार नको होता. पत्री सरकारच्या दिवसांत पोलिसांनी घरोघर जे केलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. देवळात बैठक बसली. सिद्धू म्हणाला, गाडी सुसाट आली. लालासाहेब म्हणाला, वळणावर मी कधीच विसाच्या वर जात नाही, काटा मी डोळ्यांनी पाहिला. मग आमच्याकडं असं कोडं पडलं की जे करतात तेच ठरलं. तळहातावर बेल आणि भंडारा घ्यायचा, यमाईसमोर बोलायचं, आणि जे बोललं ते खरं. खोटी शपथ घेणाऱ्याचा वंश बुडतो, हे आम्हीही मानतो आणि धनगरही मानतात.

लालासाहेबानं बेलभंडारा उचलला. "यमाईची आन. काटा विसावर हुता." सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं बोलला. का बोलू नये? तो खरंच बोलत होता.

सिद्धूनं त्याच्या हातातल्या पिवळ्या भंडाऱ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "भंडारा उचाललाय म्हंजी माजं भांडान मिटलं," तो म्हणाला.

पंच खूश झाले. पानसुपारी झाली. मला त्या पानसुपारीचा आजही राग येतो.

पण सिद्धूच्या मनातलं गणित तिथं संपलं नव्हतं. गाडी सावकाश आली, हे देवीसमोर ठरलं. मग चूक कुणाची? वळणावर फडकं दाखवायला उभा असलेल्या दादासोची. त्यानं वेळेवर फडकं हलवलं नाही. दादासो गयावया करत होता, "दादा, गाडी लय जोरात हुती रं. फडकं उचलूस्तोवर आली."

"भंडारा खोटा म्हनतुस?" असं म्हणून सिद्धूनं मेंढरांभोवतीच्या जाळीचा, वाघरीचा, खुंट उपसला. आमच्याच रानात, आमच्या डोळ्यांदेखत. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला दादासोनं उजवा हात वर केला, आणि तो कोपराखाली मोडला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. पुढचे घाव त्याच हातावर. मी मधे पडायला निघालो तर लालासाहेबानंच मला मागं ओढलं. "त्याच्या घरचा मामला हाय, त्यो बघंल," म्हणाला. शेवटी सिद्धू दमला. "पुन्यांदा तोंड दाखवू नगंस," एवढं बोलला. दादासो लोंबता हात छातीशी धरून बांधाबांधानं निघून गेला. तो कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. सिद्धू चार दिवसांनी एकटाच मेंढरं हाकत जतकडं गेला.

लालासाहेब निवांत झोपायचा. खरं बोलणाऱ्या माणसाची झोप ती. त्याच्याइतका निर्धास्त गुन्हेगार मी पाहिला नाही.

पावसाळा सरला. एक दिवस रहिमतपूरच्या चहाच्या दुकानात आकाराम भेटला. तो सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर. तो सहज बोलून गेला, "लालासाब, काल लय पळवलीस गड्या. माज्या मोटारीच्या बरुबरीनं हुतास. पंचेचाळीसवर काटा हुता माजा."

"माजा तिसावर हुता," लालासाहेब म्हणाला.

सगळे हसले. दोन गाड्या बरोबरीनं पळतात, एक पंचेचाळीसनं आणि एक तिसानं! आकाराम सगळ्यांत मोठ्यानं हसला. लालासाहेबानं गरम चहाचा पेला त्याच्या तोंडावर मारला, मग त्याला बाकाखाली घेतला आणि तो ओरडायचा थांबेपर्यंत तुडवला. मी आणि दुकानदारानं मिळून त्याला सोडवलं. आकारामची भुवई फाटून डोळा रक्तानं भरला होता, तरी तो म्हणत होता, "मार की. मारून तुजा काटा खरा हुतूय व्हय?"

हा एक ठोसा लालासाहेबाला लागला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "हातावरचं घड्याळ घे. मागं बस."

साताऱ्याच्या सरळ सडकेला मैलाचे दगड आहेत. फौजेत आम्हाला शिकवलंच होतं, विसाचा वेग म्हणजे मैलाला तीन मिनिटं. त्यानं काटा विसावर धरला. पहिला दगड गेला तेव्हा मी घड्याळ पाहिलं, दुसरा आला तेव्हा परत पाहिलं. जेमतेम दोन मिनिटं झाली होती.

"तुजं घड्याळ बंद पडलंय," तो म्हणाला. पुन्हा गेलो. पुन्हा दोन. उलट्या दिशेनं आलो. दोन. दोन मिनिटांत मैल म्हणजे तिसाचा वेग. दुसऱ्या गाडीचं घड्याळ ते, ते त्या गाडीच्या दातेरी चाकांच्या हिशोबानं बनवलेलं. ह्या गाडीवर ते बिचारं तिसाला वीस म्हणत होतं, आणि आम्ही त्याला कुंकू लावत होतो.

लालासाहेबानं गाडी थांबवली. पान्हा काढला आणि त्या घड्याळावर घातला. काच त्याच्या बोटांत घुसली तरी मारतच राहिला, शेवटी रक्तानं पान्हा निसटला. मग रस्त्यातच खाली बसला. "भंडारा," एवढंच म्हणाला.

घरी त्याची बायको, विजयमालावहिनी, सात महिन्यांची गरोदर होती. पहिली दोन मुलं जगली नव्हती. तिला त्यानं सगळं सांगितलं. ती त्याच्या पायावर पडली. "आवं, आता कशाला उकारताय? त्यो गेला, ती मेली, गाव इसारलं. पोटात लेकरू हाय माज्या. खोटा भंडारा उचालला म्हनून तोंडानं कबूल कराल तर देवी काय करंल?"

"न बोलता ठिवला तर काय करंल?" तो म्हणाला.

त्यानं मला बरोबर घेतलं. सांगलीवरून जतच्या बाजूला वळलो. गाडीवर घड्याळाच्या जागी नुसतं भोक होतं. पुढं रस्ता संपला आणि माळ लागला. कन्नड बोलणाऱ्या एका म्हातारीनं हातानं दिशा दाखवली. कमरेएवढ्या बाजरीपलीकडं सिद्धूचा कळप होता. सिद्धू फार वाळला होता.

लालासाहेब त्याच्यापुढं उभा राहिला. फौजी माणूस, लांबण लावता येत नाही. "सिद्धू, काटा खोटा हुता. वीस दावत हुता तवा गाडी तिसावर हुती. मी यमाईम्होरं खोटं बोललो. मला ठावं नव्हतं, पर बोललो."

सिद्धूला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं काठी उचलली. पहिल्याच घावानं लालासाहेबाचं डोकं फुटलं. मी पुढं झालो तर लालासाहेब ओरडला, "मधी पडशील तर तुला जित्ता सोडणार न्हाई!" आयुष्यात एका ठोशाला दोन परत करणारा माणूस हात खाली सोडून उभा होता. बरगडीवर, मांडीवर, पाठीवर काठी पडत होती. तो गुडघ्यावर आला, पुन्हा उठला. रक्त डोळ्यांत उतरलं ते त्यानं पुसलंही नाही. मी रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

काठी मोडली तेव्हा सिद्धू थांबला. धापा टाकत खाली बसला. मग त्यानं विचारलं, "सायब, एक सांगा. खरूखर विसानं आला असता, तर थांबली असती गाडी?"

इथं खोटं बोलायला जागा होती. 'नसती थांबली' एवढं म्हटलं असतं तर दोघांचाही जीव जरा हलका झाला असता. मी मनातल्या मनात त्याला तेच म्हणायला सांगत होतो.

"थांबली असती," लालासाहेब म्हणाला. "फडकं बघून थांबली असती."

सिद्धूनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. "दादासोबी त्येच सांगत हुता," तो म्हणाला. "आन् म्या त्येचा हात मोडला."

मग तो भावाच्या नावानं हाका मारत माळ ओलांडून पळत सुटला, आणि मेंढरं तिथंच बिनधन्याची उभी राहिली.