सहीशेजारचा काळा ठिपका

ठिपका मला दिसला तो चित्र भिंतीवरून उतरवताना. खाली उजव्या कोपऱ्यात, चित्रकर्तीच्या सहीला अगदी खेटून. काळा, गोल, तुरीच्या डाळीएवढा. चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं. रंग नव्हता, काहीतरी तेलकट होतं. आणि चित्र विकलं गेलेलं होतं. गिऱ्हाईक संध्याकाळी न्यायला येणार होतं.

मी शहरातल्या सदर भागातली एक आर्ट गॅलरी सांभाळते. ऐकायला भारी वाटतं, पण निम्मा दिवस जातो तो "मॅडम, इथे टॉयलेट आहे का" आणि "आमच्या सोफ्याला मॅच होईल असं काही दाखवा" यांना उत्तरं देण्यात. उन्हाळ्यात तर लोक कलेपेक्षा एसीसाठीच जास्त येतात. मी हाकलत नाही. गारव्याला आलेला माणूसही कधी कधी एखाद्या चित्रापुढे थबकतो.

हे चित्र पल्लवीचं. महाल भागात राहणारी मुलगी, पहिलंच प्रदर्शन. चित्रात दुपारची खोली, खिडकीत कूलर, आणि त्याच्यापुढे सतरंजीवर पाठमोरी झोपलेली तिची आई. आईनं बँकेच्या परीक्षांचे फॉर्म आणायचे आणि हिनं ब्रश आणायचे, असं त्या घरात बरीच वर्षं चाललेलं. "आई येणार नाही," उद्घाटनाआधीच तिनं मला सांगून टाकलं होतं. "तिनं माझ्या चित्राला कधी बरंसुद्धा म्हटलेलं नाही."

सबंध प्रदर्शनात हे एकच चित्र विकलं गेलं. घेणारे वानखेडे साहेब, कळमेश्वरच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. माल उलटासुलटा करून तपासणारा माणूस. ठिपका पाहून त्यांनी नकाराची मान हलवली असती तर पोरीच्या पहिल्या विक्रीवर पाणी पडलं असतं, आणि घरात फॉर्म पुन्हा पुढ्यात आला असता.

मग पुसून का टाकला नाही? तर तैलरंग नीट वाळायला महिने लागतात. तोवर वरून वॉर्निश, म्हणजे संरक्षणाचा पारदर्शक थर, देता येत नाही. चित्र उघडंच असतं, जोरात घासलं तर खालचा रंगही निघतो. अशा वेळचा आमचा उपाय ऐकून लोक नाक मुरडतात: कापसाच्या बोळ्याला थुंकी लावायची आणि हलक्या हातानं टिपायचं. पण आधी डाग कशाचा हे कळायला हवं. म्हणून पल्लवीला बोलावलं आणि दोघींनी सीसीटीव्ही पाहिला.

गॅलरी रिकामी. साधी साडी नेसलेली एक बाई चित्रापुढे उभी. बराच वेळ उभी. मग इकडे तिकडे बघून तिनं बोट डोळ्याच्या कडेला लावलं आणि चित्राच्या कोपऱ्यात टेकवलं. काजळ. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी तीट.

पल्लवीचा चेहरा पडला. "आई आहे ही."

ती बाई मला आठवली. चित्राशेजारच्या स्टिकरकडे बोट दाखवून तिनं विचारलं होतं, "मॅडम, ही लाल टिकली काहून लावली?" मी सांगितलं, चित्र विकलं गेलं की आम्ही ती लावतो. वर कौतुकानं म्हटलं, "काकू, सगळ्यात जास्त लोक याच्यापुढेच थांबतात." ती पदर सावरत म्हणाली, "बापा! झोपलेल्या बाईले सगळे पाहून राहिले का?" मला हसू आलं होतं.

पल्लवीनं तिथूनच फोन लावला. "आई, काहून केलं तू असं? माझं एकच तर चित्र विकलं गेलं होतं!" आणि फोन ठेवून रडायला लागली.

आई ऑटो करून आली ती ओलं फडकं आणि धुण्याच्या साबणाचा तुकडा घेऊनच. "मॅडम, तुम्ही सरका. मी पुसून देते." मी तिच्या हातातून साबण काढून घेत होते, तेवढ्यात दारात वानखेडे साहेब.

लपवण्यात अर्थ नव्हता. ठिपका दाखवला, कुणी लावला तेही सांगितलं. "मी काढून देते. तरी नको वाटलं तर चित्र परत ठेवून घेईन." पल्लवी भिंतीकडे तोंड करून उभी.

वानखेडे वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग आईला म्हणाले, "कोपऱ्यात काहून लावली? लावायची तर चित्रातल्या बाईले लावायची."

"चित्राले नाही लावली साहेब." ती फडक्याचं टोक मुरगाळत म्हणाली. "मॅडम म्हणे, सगळे येऊन पाहतात. मंग मले भेव वाटलं. तिथं पोरीचं नाव लिहिलं आहे न. नावाले लावली."

पल्लवी वळली. "तू आली होती तर मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं असतं, कसं वाटलं. मले काय सांगता आलं असतं वं?"

पोरीनं तिला ओल्या फडक्यासकट मिठी मारली. मी उगाचच कापसाची डबी उघडून बसले.

"ती डबी बंद करा मॅडम," वानखेडे म्हणाले. "कारखान्यात नवी मशीन आली की आम्ही लिंबू-मिरच्या बांधतो. लोखंडाले नजर लागते, अन् लेकराले नाही लागणार?" मग आईकडे वळून, "फक्त आता आणखी लावू नका, ताई." चित्र आहे तसं त्यांनी गाडीत ठेवलं.

बँकेचे फॉर्म अजूनही घरी येतात. पल्लवी त्यांच्यावर ब्रश पुसते आणि आई काही म्हणत नाही.

रंग वाळल्यावर पल्लवी वॉर्निश मारायला कळमेश्वरला वानखेडे साहेबांकडे गेली, मी सोबत होते. तेलकट डाग काढल्याशिवाय त्यावर वॉर्निश मारायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. शिकाऊ मुलांना मी तो आजही दटावून सांगते. एकदा वरून थर बसला की खालचा डाग कायमचा राहतो. ब्रश सहीपाशी आला तेव्हा पल्लवीनं थांबून माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागले.