शून्य मिळालेला शरणार्थी

माझी भाची निबंध शिकायला माझ्याकडे आली, यात तिचा दोष नव्हता. आमच्या नात्यागोत्यात लिहिणारा माणूस म्हणून माझंच नाव आहे. मी लातुरात व्यापाऱ्यांची कराची कामं करतो आणि आजवर जे काही लिहिलं ते सगळं नोटिशींना दिलेलं उत्तर आहे. या साहित्याला वाचक एकच असतो, आणि तोही आधीच चिडलेला असतो.

भाची उदगीरची. दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, तिथं कापडाचं दुकान आहे. बी.ए. झाल्यावर पोरीला पुण्याला जाऊन पत्रकारिता शिकायची होती आणि प्रवेश परीक्षेत निम्मे गुण निबंधाला होते. दाजींनी परवानगी दिली ती दुकानदारासारखी. "एकदा परीक्षा दे. नंबर लागला तर जा. न्हाई लागला तर दुकानात बस, मग पुन्हा पुण्याचं नाव काढायचं न्हाई." अडचण अशी की दुकानात ती फार उत्तम बसायची. आलेलं गिऱ्हाईक तिच्यासमोरून रिकाम्या हातानं उठत नसे. ती नापास झाली तर दाजींचा फायदाच होता, असा माझा हिशेब होता. पण माणूस सरळ. उन्हाळ्यापुरतं स्वतः तिला आमच्याकडे आणून सोडलं.

सकाळी ती जवळच्या एका क्लासला जायची. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निबंध लिहायची आणि तो मी तपासायचा, असं ठरलं. पहिला निबंध पाण्यावर होता. त्यात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व होतं आणि पाणीबचत काळाची गरज होती. दुसरा शिक्षणावर. शिक्षणालाही तेवढंच अनन्यसाधारण महत्त्व होतं. तिसऱ्यात वृद्धाश्रम काळाची गरज झाले, तेव्हा स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हे कुणाकडं बघून लिहायलीस ग?"

"मामी, तसं न्हाई. क्लासमध्ये साचा दिलाय. मधला शब्द बदलायचा."

साचा मी मागून घेतला. खरोखरच होता. धकाधकीच्या जीवनानं सुरुवात, मध्ये नाण्याच्या दोन बाजू, शेवटी सर्वांनी एकत्र येण्याचं आवाहन. अशा साच्यात विषय न वाचतासुद्धा निबंध लिहिता येतो, आणि पोरं बहुधा तसाच लिहीत असावीत.

मी तिला माझ्या धंद्याची रीत सांगितली. नोटीस आली की आधी बघायचं, विचारलंय काय. जे विचारलंय तेवढंच सांगायचं. जे सांगू त्याला पुरावा जोडायचा. "अनन्यसाधारण लिहिलंस तर पुरावा काय? अनन्य किती, साधारण किती?"

"मामा, निबंध हाय. नोटीस न्हाई."

"वाचणारा तसलाच असतो. गठ्ठ्यातला कागद उचलतो आणि घरी कधी जायला मिळतंय ते बघतो."

महिनाभर आम्ही विशेषणं कापली. पोरीला राग यायचा. माझ्या हाताखालून गेलेला निबंध मयताच्या निरोपासारखा दिसतो, असं ती आईला फोनवर सांगत होती. मी शेजारीच बसलो होतो. तिला ते माहीत होतं.

मग क्लासच्या सरांनी सराव परीक्षेचा विषय दिला. फळ्यावर एकच शब्द: शरणार्थी. घरून लिहून आणायचं आणि सर स्वतः गुण देणार.

इथं एक सांगायला हवं. आम्ही लिंगायत. आमच्यात भेटल्यावर "शरणु शरणार्थी" म्हणतात. नमस्कारच, पण लहान माणूस मोठ्याला म्हणतो तसं मोठाही लहानाला म्हणतो, दोघंही एकमेकांना शरण. घाईत असलो की नुसतं "शरणार्थी". जन्मल्यापासून कानावर पडलेला शब्द. त्याला दुसरा काही अर्थ असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्या संध्याकाळी ती एकदाही उठली नाही. मध्ये नळ सुटला, बायकोनं हाक मारली, तरी उठली नाही. पाणी मी भरलं. मग मी निबंध वाचला. तिनं दुकान लिहिलं होतं. तिचे आजोबा गादीवर बसून रुमाल घ्यायला आलेल्यालाही पूर्ण "शरणु शरणार्थी" म्हणायचे. वडिलांचा शरणार्थी मात्र गिऱ्हाईक बघून लांब-आखूड होतो. लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर अख्खा, वर हात जोडलेले. नुसता रुमाल असेल तर शेवटची 'थी' तेवढी ऐकू येते. जागेवरून भांडलेले दोन चुलतभाऊ रोज समोरासमोर येतात, भिंतीकडे बघून शरणार्थी म्हणतात आणि पुढं जातात. भांडण सोडवलं नाही तरी चालतं, शब्द सोडला तर चालत नाही, असं तिनं शेवटी लिहिलं होतं.

एकही विशेषण कापायला मिळालं नाही. मी खाली लाल पेनानं लिहिलं: "जे विचारलंय त्याचंच उत्तर आलंय. पुरावे भरपूर." आणि सही केली. सही करायची सवय आहे.

दोन दिवसांनी कागद परत आला. माझ्या सहीच्या बाजूला सरांनी लिहिलं होतं: "विषय समजलेला नाही. शून्य."

बायकोनं वाचलं, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "अहो, देश सोडून पळालेली माणसं. निर्वासित. त्याला शरणार्थी म्हणतेत." नंतर बराच वेळ तिला बोलता आलं नाही, इतकं हसू येत होतं.

भाची हसत नव्हती. परीक्षा आठवड्यावर होती. "मामा, तिथं असंच झालं तर?" एवढंच म्हणाली आणि साच्याचा कागद काढून पाठ करायला बसली. महिन्याभराची माझी मेहनत धकाधकीच्या जीवनात परत गेली.

तेवढ्यात दाजींचा फोन. शून्याची बातमी माझ्या बहिणीकडून पोचली होती. "शून्य म्हणजे कितीपैकी?"

"दाजी, शून्य कितीपैकीही असलं तरी शून्यच."

"न्हाई, नुसतं विचारलं," ते म्हणाले. "आन् माझ्या 'थी'चं काय लिवलंय म्हणे तिनं?"

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी क्लासला गेलो. सर हदगावकडचे, तरुण. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः बाकावर बसले.

"सर, तुम्ही निर्वासित लिहायला पाहिजे होतं."

"हाव, चुकलंच. हिंदी पुस्तकातून विषय काढलाय." मग कागदाकडे बोट करून म्हणाले, "पण ही लाल सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे दोघांनाबी कळलं न्हाई." त्यांनी कागद पुन्हा वाचला, बस्त्यापाशी हसले. "साहेब, लई भारी लिवलंय. गठ्ठ्यात असं एकबी नव्हतं. पण पेपर तुमच्या घरात तपासणार न्हाईत. तिला म्हणा, शब्दाचा अर्थ आधी सांगून टाक. मग काय लिहायचं ते लिही."

"गुण वाढवता?"

"कामून वाढवू? विषय चुकलाय की."

माणूस मला आवडला. करखात्यात असता तर मी त्याच्याशी भांडलो नसतो.

सरांचं सगळं बोलणं मी घरी येऊन सांगितलं. तिनं "लई भारी" दोनदा सांगायला लावलं. साचा टेबलावरच राहिला, पण त्यावर चहाचा कप ठेवलेला दिसला. राहिलेला आठवडा तिनं निर्वासितांवर हाती लागेल ते सगळं वाचलं. एकदा चुकलेलं माप दुसऱ्यांदा चुकवायचं नाही, हा दुकानाचा नियम.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. अहमदपूर, लोहा करत मीच तिला गाडीनं घेऊन गेलो. ती आत गेली. मी बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून राहिलो आणि जिभेवर येणारे सगळे दुहेरी अर्थाचे शब्द आठवत गेलो. मराठीत ते फारच आहेत.

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. विषय होता 'परका माणूस'.

"काय लिहिलंस?"

"पहिल्याच ओळीत लिहिलं, परका म्हणजे ज्याची भाषा आपल्याला येत न्हाई तो, असा अर्थ मी घेते. मग दुसऱ्या ओळीत लिहिलं, आमच्या दुकानात तसा कुणी येतच न्हाई. बिदरकडचे कन्नड बोलतेत, देगलूरकडचे तेलुगू बोलतेत, आन् बाबा तिन्ही भाषांत भाव उतरवत न्हाईत."

"आणि निर्वासित?"

"तेबी घातले. एवढं वाचलं ते टाकून देऊ का?"

"अनन्यसाधारण?"

"एकदा," ती म्हणाली. "बाबांच्या भावाला."

निकाल लागला तेव्हा ती उदगीरला दुकानातच होती, समोर बस्ता बांधणं चाललेलं. यादीत नाव होतं, पण बरंच खाली. दाजींनी ती यादी मला पाठवली आणि लगेच फोन केला.

"एवढं खाली हाय. ह्याला नंबर लागला म्हणतेत का?"

त्यांनी नुसतं नाही म्हटलं असतं तर पोरगी दुकानात बसली असती. नियम त्यांचा होता, अर्थ लावायचा अधिकारही त्यांचाच. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही 'नंबर लागला तर' म्हणाला होता. कितवा ते म्हणाला नव्हता."

पलीकडे कापड फाडल्याचा आवाज आला. "तुमी नोटिशीला असंच उत्तर देता का?"

"असंच."

"मग जाऊ द्या तिला," दाजी म्हणाले.

पुण्याला जायच्या दिवशी उदगीरच्या स्टँडवर आम्ही सगळे होतो. दाजी ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "आमची पोरगी. निबंधात शून्य घेतलेली. पुण्याला चालली." शून्याचा एवढा तोरा मी कुठल्या व्यापाऱ्यात बघितला नव्हता. बस लागली. भाचीनं बापाला वाकून शरणार्थी केला. दाजींनी हात जोडून अख्खा म्हटला, 'शरणु'पासून 'थी'पर्यंत, आणि मग बॅग वर ठेवायचं निमित्त करून बसमध्ये चढले.

मग ती माझ्यासमोर आली. "शरणार्थी, मामा."

"कोणत्या अर्थानं?"

"दोन्ही," ती म्हणाली. "हॉस्टेलची यादी अजून लागली न्हाई."