साल्हेरवरून दिसणारी चिमणी

माझा थोरला भाऊ रंगनाथ गडकिल्ल्यांचा मोठा जाणकार आहे, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं आहे. आम्ही मूळचे निफाडकडचे, पण दादा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला आणि तिथल्या कॉलनीतच त्याचा संसार झाला. त्याच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो दिसतो. डोक्याला फेटा, हातात भगवा झेंडा, नजर दूर कुठेतरी. नीट पाहिलं तर मागे दोरीवर गोधडी वाळत घातलेली आहे. फोटो कॉलनीच्या गच्चीवर काढलाय.

केंद्रातल्या पाच-सात जणांचं एक भ्रमंती मंडळ आहे. हिवाळ्यात एक शनिवार-रविवार गाठून ही मंडळी बागलाणात जातात, शनिवारी मुल्हेर आणि रविवारी साल्हेर. दादाची तयारी आठवडाभर चालायची. म्हणजे तो खुर्चीत बसून सांगायचा आणि साधनावहिनी करायची. दशम्या, लसणाची चटणी, गुडघ्याला चोळायचं तेल, सगळं तिनेच भरायचं. बूटसुद्धा तिनेच पुसायचे. परत आला की हा कॉलनीतल्या लोकांना धरून बसवायचा आणि साल्हेरचा माथा ऐकवायचा. वारा कसा उभं राहू देत नाही, परशुरामाच्या देवळापाशी ढग कसे पायाखालून जातात. ऐकणाऱ्यांना जांभया यायच्या, ह्याला नाही.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. फुशारक्या मारणारे भाऊ घरोघर असतात. पण लग्न झालं त्याच वर्षी त्याने वहिनीला सांगून ठेवलं होतं, की साल्हेरच्या माथ्यावरून आपल्या केंद्राची चिमणी दिसते. "चिमणी दिसली की आपलं घर कुठं ते बरोबर कळतं. रविवारी सकाळी गच्चीवर ये. मी वरून हात करीन."

आणि ही बाई खरंच जायची. नवी नवरी होती तेव्हा गेली, मुलांना कडेवर घेऊन गेली, मुलं पुण्याला नोकरीला लागली तरी गेली. लांबून ओळखू यावं म्हणून लाल साडी नेसायची, उत्तरेकडे तोंड करून उभी राहायची आणि हात हलवायची. एकदा मी त्यांच्याकडे राहायला होते तेव्हा हे पाहिलं. विचारलं तर लाजली.

"हसू नका सविताताई. ह्यांना तेवढंच बरं वाटतं."

यंदा मंडळाने घरच्यांनाही न्यायचं ठरवलं. दादाने किती फाटे फोडले! तुला झेपणार नाही, तिकडे बिबट्या आहे, बायकांची काही सोय नाही. पण वहिनी जन्मात पहिल्यांदा अडून बसली. "मला एकदा वरून आपलं घर बघायचंय," एवढंच ती म्हणत राहिली. माझ्या तोंडाला दादा भितो, म्हणून तिने मलाही सोबत ओढलं.

निघताना दादाच्या हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. खाण्याची सॅक वहिनीच्या पाठीवर. ती तीच लाल साडी नेसून, पायात मुलाचे जुने बूट घालून आली होती. मुल्हेरच्या मोती तलावाशी दादाने इतकं लांबलचक भाषण दिलं, की बायका ऐकता ऐकता पाण्यात पाय सोडून बसल्या. वहिनी मात्र सारखी विचारत होती, "साल्हेर ह्याच्याहून उंच ना?"

रविवारी आम्ही साल्हेर चढलो. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, आणि मग एकदम सपाटी लागते. तिथे गंगासागर तलाव आहे, बाजूला गुहा आहेत. माथा तिथून आणखी वर. सगळे पाणी पिऊन उठले आणि दादा बूट काढून बसला. त्याच्याच खात्यातल्या गोरक्षने न विचारता सगळ्यांच्या सॅक त्याच्यापुढे आणून टाकल्या.

"दादा वर येत नाही?" मी विचारलं.

"रंगनाथ? तो कधी आलाय वर!" गोरक्ष म्हणाला. "दरसाली सॅका राखतो. आम्ही येईस्तोवर गुहेत एक झोप होती त्याची. माकडं लय हायेत ना ताई, कोणीतरी पाहिजेच."

बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दादा घाईघाईने म्हणाला, "यंदा गुडघा जरा..."

"यंदा? गोरक्ष तर दरसाली म्हणाला," मी म्हणाले.

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. पाठीवरची सॅक काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवली आणि वाटेला लागली.

वर हवा लख्ख होती. शेजारचा सालोटा, मांगीतुंगीचे सुळके, पार सप्तशृंगीपर्यंतचे डोंगर उघडे पडले होते. वहिनी मात्र दम खाण्याआधीच गोरक्षला म्हणाली, "एकलहरे कोणत्या अंगाला?"

त्याने दक्षिणेकडे बोट केलं. "त्या डोंगरांच्या पार पल्याड."

"चिमणी?"

"चिमणी कुठली दिसती वहिनी! मधी किती डोंगर. सटाणं दिसलं तरी मिळवलं."

मला दादाचा असा संताप आला, की खाली जाऊन त्याला तळ्यात ढकलावं. अरे, झोपायचं होतं तर झोपायचं होतंस. बायकोला गच्चीवर कशाला उभं करायचं? आणि तेही वर्षानुवर्षं? वहिनी रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. देवळात जाऊन तिने हात जोडले, पदर सारखा केला आणि चारी बाजूंना सावकाश फिरून सगळं बघून घेतलं. दक्षिणेकडे जरा जास्त वेळ थांबली.

आम्ही खाली आलो तेव्हा दादाने स्वतःच्या हाताने दशम्या मांडल्या होत्या. हे मी जन्मात प्रथम पाहिलं. तळ्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा भरून ठेवली होती.

"ये, बस," तो वहिनीला म्हणाला, आणि वर बघत पुढे बोलला, "आज हवा जरा धुकट आहे. चिमणी काही दिसली नसेल."

आकाशात धुक्याचा टिपूस नव्हता. वहिनीने बाटली घेतली, पोटभर पाणी प्याली, झाकण घट्ट लावलं.

"दिसली की. अगदी स्वच्छ," ती म्हणाली. "आपलं घरही दिसलं. गच्चीवर कोणी नव्हतं."