पाणी घोट्यापर्यंतच होतं

आमचे हे समाधानी आहेत, ही माझी तीस वर्षांची तक्रार आहे. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. धरून भांडावं असं दुसरं काही सापडेना, म्हणून मी त्या समाधानालाच धरलं.

जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर यांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. वर पाटी, 'कुकर-मिक्सर दुरुस्ती, दिलीप शमुवेल पाटोळे'. आत एक स्टूल, खिळ्यांना टांगलेल्या कुकरच्या रिंगा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. आम्ही मूळचे नेवाशाकडचे, दोन्ही घरं तीन पिढ्यांची ख्रिस्ती. हे इकडे कारखान्यात लागले, कारखाना बंद पडला, पण पाना हातात राहिला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

रोज सकाळी शटर उघडायच्या आधी हे कुलपावर हात ठेवून मिनिटभर डोळे मिटतात. शेजारच्या झेरॉक्सवाल्या तेजसला वाटलं, कुलूप गंजलंय. एक दिवस तो तेलाची बाटलीच घेऊन आला. यांनी निमूटपणे कुलपाला तेल घालून घेतलं, त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे मिटून उभे राहिले.

माझा भाचा वरद एकदा म्हणाला, "काका, वाशीला सर्व्हिस सेंटर टाकू. एसी, युनिफॉर्म, काउंटर, सगळं एकदम फर्स्ट क्लास." हे म्हणाले, "तिथं लोक कुकर ठेवून निघून जातील रे. इथं बसून बोलतात." वरदनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला.

आमची मंडळी रविवारी सानपाड्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कुणाची गाठ ऑपरेशनशिवाय विरघळली, कुणी कंटेनरच्या ट्रेलरखाली येता येता वाचलं. मंजुषा साळवेचा मुलगा कॅनडाला गेला, नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात मोठा क्लिअरिंग एजंट झाला, घर पाम बीचला झालं. तिच्या आजवर चार साक्षी झाल्या. यांची एकही नाही.

यंदा मंडळीला पंचवीस वर्षं झाली. ठरलं की प्रत्येक जुन्या घरातून एक साक्ष व्हावी. मंजुषा यादी करत होती. पेन थांबवून ती सहज म्हणाली, "पाटोळ्यांचं राहू दे का? त्यांच्याकडे तसं काही झालेलं नाही ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लिही," मी म्हणाले. "हे बोलणार आहेत."

घरी येऊन सांगितलं तर यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"मी? मी काय बोलणार, स्मिता?"

"काहीही बोला. पण उभे राहा."

"अगं, पण झालंय काय आपल्याकडे?"

नेमकं तेच तर दुखत होतं. खरं सांगते, मला राग मंजुषाचा नव्हता. ती म्हणाली ते खरं असेल, याची भीती होती. वन रूम किचन, जिन्याखालचं दुकान, एक मुलगी, तिचंही लग्न साधंच झालं. देव सगळ्यांच्या दारी काही ना काही ठेवत गेला आणि आमचं दार तेवढं चुकवून पुढे गेला, असं मला कित्येक रविवारी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाटलं आहे. कधी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी यांना सांगितलं, आणि रडलेही.

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "प्रभू येशू तीस वर्षांचा होईपर्यंत नासरेथातच राहिला. सुतारकाम केलं, घरी जेवला, झोपला. त्या वर्षांचं कुणी फारसं काही लिहून ठेवलं नाही. म्हणून काय ती फुकट गेली?"

"तो प्रभू होता. तुम्ही दिलीप पाटोळे आहात," मी डोळे पुसत म्हणाले. "ऐका. तुम्ही उभे राहिला नाहीत ना, तर पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. माझी खुर्ची रिकामी."

मी बोललेलं करते, हे यांना माहीत आहे.

मग मीच कागद घेऊन बसले. दोन हजार पाचच्या मोठ्या पावसात हे घरी उशिरा आले होते, तेवढाच काय तो प्रसंग हाताशी होता. त्याला मी चांगला रंग चढवला. गळ्यापर्यंत पाणी, काळोख, वाहून जाणारी म्हैस, आणि यांनी मारलेली आर्त हाक. म्हैस जरा जास्त झाली होती, पण वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

त्या रविवारी हॉल गच्च भरला होता. मंजुषाची पाचवी साक्ष झाली, टाळ्या झाल्या. मग पाळकसाहेबांनी यांचं नाव घेतलं. हे पुढे गेले, चष्मा लावला, कागद उघडला.

"दोन हजार पाच साली मी गळ्यापर्यंत पाण्यात..." हे थांबले. चष्मा काढला. "हे बायकोनं लिहिलंय. छान लिहिलंय. पण पाणी घोट्यापर्यंतच होतं."

सगळा हॉल हसला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. हे मात्र हसू ओसरेपर्यंत शांत उभे होते, गिऱ्हाईक बोलायचं थांबेपर्यंत थांबतात तसे.

"माझ्याकडे मोठी साक्ष नाही," हे म्हणाले. "मी सकाळी शटर उघडताना म्हणतो, प्रभू, आज जे पुढ्यात येईल ते नीट करू दे. संध्याकाळी कुलूप लावताना म्हणतो, झालं, आता घरी जातो. सव्वीस वर्षं झाली. घरी जाऊ नये असं वाटलं, अशी एक संध्याकाळ गेली नाही. एकपण नाही. दुकानात बरेच जण येऊन बसतात. कुकर कधीच झालेला असतो, तरी उठत नाहीत. बोलायला लागले की कळतं, घरी जावंसं वाटणं, हे सगळ्यांना मिळत नाही. मला मिळालं. देवानं दिलं. आमेन."

आणि येऊन शेजारी बसले. कागद माझ्या हातात परत दिला. टाळ्या वाजल्या का, मला आठवत नाही. मी खाली मान घालून त्या कागदावरच्या म्हशीकडे बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. आमचं दार चुकलं नव्हतं. रोज संध्याकाळी सव्वाआठला त्याच दाराची बेल वाजत होती, आणि मी भाकरीच्या पिठाच्या हातानं "आले, आले" म्हणत कुरकुरत कडी काढत होते.

चहाच्या वेळी मंजुषा जवळ आली. तिच्याशी बोलायला मी चार टोमणे तयार ठेवले होते. ती हळूच म्हणाली, "स्मिता, दिलीपभाऊ रोज घरी येतात गं? रोज?"

तिचे साहेब त्या दिवशीही आले नव्हते. पोर्टवर काहीतरी अडकलं होतं म्हणे.

"रोज," मी म्हणाले. "सव्वाआठला. उद्या तू पण ये. जेवायलाच ये."

सोमवारी ती खरंच आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत होतो, तेवढ्यात बेल वाजली. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले. यांना दारात बघत नुसती उभी राहिले. आत भाकरी करपली.

हे हात धुऊन पानावर बसले. ती करपलेली भाकरी ओढून घेतली, तुकडा मोडला, डोळे मिटून प्रार्थना केली, खाल्ला आणि म्हणाले, "छान झालीय."

मंजुषा पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी पिठाच्या डब्याकडे वळले आणि यांच्यासाठी दुसरी भाकरी थापायला घेतली.