यूजरच्या रकान्यातलं नाव

दुपारी डोळा लागला की ती घटना अजून माझ्या उशाशी येऊन बसते. पोलीस ठाण्यासमोरून कापसाच्या गाड्या बाजाराकडे चालल्या आहेत, उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत आणि समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर टोपी ठेवून बसले आहेत. मी निवृत्त झालो, ते मात्र तिथून उठलेले नाहीत.

कारंजा गावाजवळच्या ढाब्यावरून कापसाचा ट्रक पळवला होता. चालकाला खोटं सांगून ज्या नंबरवरून दूर बोलावलं, तो नंबर अल्लीपूरकडच्या या दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या नावावर निघाला. ते घरीच असल्याची खबर आली आणि आम्ही त्यांना उचललं. आमच्या फॉर्मवर दोन रकाने होते, ग्राहक आणि यूजर. दोन्हींत मी एकच नाव लिहून टाकलं. घाई माझ्या अंगातच होती.

"साहेब, हे यूजर म्हंजे काय?"

"वापरणारा, बाबाजी."

"मंग तो मी नाई. माह्या फोनचा नंबर येगळा हाये. आज चार वाजता पोरीचं साक्षगंध हाये, साहेब. बाप ठाण्यात हाये समजलं तं सोयरीक मोडन."

सगळे असंच म्हणतात, असं मनाशी म्हणत मी त्यांचा अंगठा शाईत बुडवून नोटिशीवर टेकवला. नुसता काळा डाग उमटला. पुन्हा टेकवला, तेच. दोर वळून वळून अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या.

"असंच होते," ते ओशाळून म्हणाले. "बाजारात सिम घेतलं तवा बी सिमवाल्यानं सात-आठ खेपा ठेवाले लावला. उठत नाई म्हणे."

माझा हात थांबला. सिमवाल्याला आणलं. तासभर "मले काई मालूम नाई" चाललं. त्याच दिवशी, त्याच नावावर निघालेल्या दुसऱ्या सिमची नोंद दाखवली, तेव्हा तो कबूल झाला. उठत नाही म्हणत अंगठा पुन्हा ठेवायला लावून ते त्यानेच काढलं आणि चोराला दिलं होतं. पुढे ट्रकही सापडला.

साध्या कपड्यांत, माझ्या मोटारसायकलवर मी बाबाजींना घरी सोडलं. पाहुणे येऊन बसले होते.

"हे कोण?" होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं.

"वळखीचे हायत."

मग शाईचा अंगठा मुठीत दडवून ते एका बोटाने सगळ्यांना कुंकू लावत गेले. मलाही लावलं. मला मान वर करवेना.

नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तो अंगठा सिमवाल्याने वापरला, हे मी कागदावर नीट लिहिलं. त्याच्यानंतर मीही वापरला, त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.