बाबांच्या खोलीतला कूलर

त्या मे महिन्यात माझा प्रोग्राम काही केल्या कंपाइल होत नव्हता. चूक कोडमध्ये असती तर तो एकाच ओळीवर अडला असता. हा दर वेळी वेगळ्याच फाइलवर मरायचा. म्हणजे कॉम्प्युटर तापून बंद पडतोय, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मी बाबांच्या खोलीतला कूलर उचलून कॉम्प्युटरसमोर आणून ठेवला. बाबा एवढंच म्हणाले, "ने गा, मले पंखा पुरते."

तरी काम अर्ध्यावर बंद पडतच राहिलं. कूलर असताना तापेल कसा, असं धरून मी दोन दिवस कोडवर डोकं आपटलं आणि घरात सगळ्यांवर खेकसलो.

तिसऱ्या दुपारी बाबा भिंत धरत माझ्या खोलीत आले. "काहून चिडून राहिला?" म्हणत त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवला. "तापला तं नाही हा. थंडाच लागून राहिला."

मी तरीही तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला. आकडा शंभराला टेकला होता. बाजूचं झाकण काढलं, तर प्रोसेसरवरचा पंखा बंद. कूलरच्या जाळीतून उडालेल्या वाळ्याच्या काड्या त्याच्या पात्यांत अडकल्या होत्या. मी कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला बोट लावलं. तो चांगलाच कढत होता.

बाबा अजून त्याच पत्र्यावर तळहात टेकवून उभे होते. हात बाजूला करायला मी त्यांचं मनगट धरलं. तेही तेवढंच कढत होतं.